वाघरीचं दुसरं टोक

न्हावरे, ता. शिरूर
२० डिसेंबर १९९९
(कार्ड पहिले)

मल्हारभावजी,

वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. लिहायला गेले, हात वळला नाही.

हे मुद्दाम उघड्या कार्डावर लिहिते आहे. तुमच्या रेल्वे कॉलनीत टपाल वाटणारा वाचेल, शेजारीपाजारी वाचतील, वाचू द्या. बूथवरून फोन करून ओरडता आलं असतं, पण फोनवरचं ओरडणं पैसे खातं आणि हवेत जातं. कार्ड स्वस्त, आणि घरात राहतं.

काल मी न कळवता दौंडला आले. चंपाषष्ठीचा प्रसाद आबांच्या मुखी पडावा, एवढंच मनात होतं. दाराला बाहेरून कडी. हर्षदा नळावर गेलेली. कडी काढून आत पाहते तर आबा खाटेवर बसलेले, त्यांच्या डाव्या पायाला निळी नायलॉनची दोरी आणि तिचं दुसरं टोक खाटेच्या खुराला. आपण खोंडालासुद्धा इतकी आखूड दोरी बांधत नाही. त्याला निदान गव्हाणीपर्यंत जाता येतं.

मला म्हणाले, "कुणाची गं तू बाई? एवढी गाठ सोड. मेंढरं उपाशी हायती."

मेंढरं विकून जमाना झाला. सून कोण, ते त्यांना आठवत नाही. पण आपल्याला बांधलंय, हे कळतं. तुमचे वडील तेवढं विसरलेले नाहीत, भावजी.

(कार्ड दुसरे)

कार्डावरची जागा संपली, राग संपला नाही.

गाठ सुटेना. तुमच्याच घरातल्या विळीनं कापली. हर्षदा धावत आली. "जाऊबाई, अहो, ह्यांना तरी येऊ द्या आधी." मी म्हटलं, "त्यांना काय विचारायचंय? गाठ पुरुषाच्या हातची आहे, तेवढं मला कळतं." ती रडायला लागली. तिच्यावर माझा राग नाही, तसं तिला सांगा. सगळा तुमच्यावर आहे.

आबांना घेऊन न्हावऱ्याला निघाले. एस.टी.त त्यांनी पाय वर घेतला तेव्हा समोरच्या बाईनं वळ पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, बांधणारी मीच.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही चौथीत होता. तुमचे पाढे मी घेतले, तुमच्या शर्टाची बटणं मी लावली. नोकरी लागली त्या दिवसापासून आपण होऊन तुम्हाला अहोजाहो करते. आज ते जड जातंय.

दोरी मी बरोबर आणली आहे. दाराशेजारच्या खिळ्याला टांगली आहे. कधी आलात तर आधी ती दिसेल.

गिताबाई


न्हावरे
३ जानेवारी २०००

मल्हारभावजी,

तुमचं अंतर्देशीय पोचलं. एवढ्या थोरल्या निळ्या कागदावर दोन ओळी! "वहिनी, तुम्हाला सगळं माहीत नाही. आबांना सांभाळा, पहाटे दार लावून घेत जा." बाकी कागद कोरा. कोऱ्या भागाचंही तिकीट सरकार घेतं, हे रेल्वेत शिकवत नाहीत वाटतं. मी त्या कोऱ्या भागावर या महिन्याचा किराणा मांडला आहे.

सगळं माहीत नाही, तर सांगा. मॅट्रिक आहे मी, वाचता येतं.

तुम्ही सांगत नाही म्हणून जे मला समजायचं ते रस्त्यावर समजलं. आपल्या वस्तीच्या वळणावर पहाटे दुधाचा टेम्पो येतो. धुकं असतं म्हणून पप्पू ड्रायव्हर लांबूनच हॉर्न दाबून धरतो. आबा दिवसभर शेळीसारखे गरीब. इथं बस म्हटलं की बसतात, जेव म्हटलं की जेवतात. पण तो हॉर्न झाला की गाढ झोपेतून उठतात, घोंगडं खांद्यावर टाकतात आणि तडक डांबरीवर. मधोमध उभे राहतात, टेम्पोकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून. जसं काही त्यांच्यापुढं अख्खं गाव लोटलंय आणि त्यांना ते थोपवायचंय.

पहिल्या दिवशी पप्पूनं ब्रेक दाबला. दुधाचे कॅन आडवे झाले. खाली उतरून म्हणतो, "ओ मामी, म्हातारं आवरा की! आज दूध सांडलं, उद्या दुसरंच काय सांडायचं." मी त्याला चार शब्द सुनावले, पण तो खोटं बोलत नव्हता. सध्या उसाच्या गाड्या चालू आहेत. मागं दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पप्पूसारखा थांबणार नाही.

त्या दिवशी तुमच्या दादांनी खिळ्यावरची दोरी काढली. "ऊस संपस्तवर बांधू गं. त्यांच्याच जिवासाठी."

मी म्हटलं, "आधी मला बांधा."

"तुला कशाला? तुझं तोंड बांधायला दोरी पुरायची न्हाई."

हसू आलं होतं, पण हसले नाही. दोरी हिसकून परत खिळ्याला लावली. तेव्हापासून पहाटे मी उंबऱ्यावर आडवी बसून जप करते. आबा मला ओलांडू पाहतात. काल त्यांचा गुडघा माझ्या खांद्याला लागला. खंडोबाचं नाव घेता घेता मी सासऱ्याला ढकललं, भावजी. ते पाप कुणाच्या नावावर मांडू? तूर्त तुमच्या नावावर मांडलं आहे.

दौंडला काय झालं ते लिहा. नुसतं "माहीत नाही" पुन्हा लिहू नका.

गिताबाई


न्हावरे
१२ जानेवारी

मल्हारभावजी,

आजचं पत्र बंद करून, चिकटवून पाठवते आहे. यातलं कुणी तिसऱ्यानं वाचायचं कारण नाही.

काल इनुस आले होते, रूळ राखणाऱ्या तुमच्या गँगमधले. आबांची काठी आणि कपडे घेऊन. चहा दिला. मी विचारलं, तर म्हणतात, "भाबी, मल्हारभाऊनं सांगू नको म्हटलंय."

मी म्हटलं, "मग चहा ठेवा खाली."

बिचाऱ्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तुमच्यापरीस आमचा मुकादम बरा." आणि मग सांगितलं.

मी दौंडला येण्याच्या आधीची गोष्ट. मालगाडीची शिट्टी झाली आणि आबा कॉलनीतून निघून रुळावर जाऊन उभे राहिले. इंजिनाकडे पाठ, हात पसरलेले. तुम्ही ड्यूटीवर जायला निघाला होता. धावलात. आबांना कवेत घेऊन तसेच खडीवर पडलात. इनुस म्हणाले, "खांदा निखळला भाऊचा. थोडक्यात ऱ्हायलं भाबी, न्हाईतर दोघंबी गेली असती. आन् खडीवर पडल्या-पडल्या म्हातारं भाऊलाच म्हणतंय, सोड मला, मेंढरं रुळावर जातील."

त्यांनी कप उचलला. चहावर साय आली होती.

मी दिवसभर काम केलं. शेण काढलं, भाकरी केल्या, दुधाचं टिपण केलं. तुम्हाला वाटेल, वहिनीचा राग गेला. गेला नाही. त्याचे दोन भाग झाले, आणि एकेक भाग पहिल्या अख्ख्याएवढा आहे.

एक भाग दोरीचा. कारण मला पटलं, दोरी पटली नाही. पटणारही नाही.

दुसरा भाग असा, की खांदा निखळला आणि मला कळवलं नाही. लोक म्हणतील, रेल्वेतला माणूस, त्याला बाप रुळावरून दूर ठेवता येईना. म्हणून लाजलात, ना? मी इकडे महिनाभर समजत होते की मल्हार निर्दयी झाला. तुम्ही निर्दयी नाही झालात, घाबरलात. मग घाबरलो असं लिहायचं. त्याला किती कागद लागतो? अर्धा निळा कागद मोकळाच पडला होता.

खांदा आता कसा आहे? हर्षदाला म्हणावं, ओवा आणि वाळूनं शेकत जा.

गिताबाई


न्हावरे
२१ जानेवारी

मल्हारभावजी,

आबांना शिरूरला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. वयानं लहान आहे, पण ऐकून घेते. मी विचारलं, "माणसं विसरले, गाव विसरले, जेवलेलं विसरतात. मग हे रस्त्यावर जाऊन उभं राहणं तेवढं कसं विसरत नाहीत?"

तिनं समजावलं ते माझ्या शब्दांत लिहिते. मेंदूत आठवणींची जागा निराळी आणि सवयींची निराळी. आठवणींची जागा आबांची ढासळली आहे. सवयींची आत खोल आहे, ती शाबूत आहे. सवय तयार होते ती अशी: आधी काहीतरी इशारा येतो. मग माणूस एक काम करतो. ते झालं की जिवाला जरा स्वस्थ वाटतं. असं पुन्हा पुन्हा झालं, की ते तिन्ही एकमेकांना चिकटतात, आणि मग मधे विचार लागत नाही. इशारा आला की हात आपोआप उठतो. मी म्हटलं, "म्हणजे तुळशीला पाणी घालताना माझे ओठ हलतात, तसं." ती हसून म्हणाली, "अगदी तसं."

"मग मोडायची कशी?"

"जुनी सवय पुसली जात नाही आजी." आजी म्हणाली मला! "दाबून ठेवली तर इशारा येताच पुन्हा उसळते. इशारा टाळता आला तर टाळा. नाहीतर इशारा तोच ठेवा, शेवटचं समाधान तेच ठेवा, फक्त मधलं काम बदला. आणि नवं काम रोज, त्याच जागी, त्याच वेळी झालं पाहिजे. घाई चालणार नाही."

इशारा टाळायचा म्हणून पप्पूला हॉर्न वाजवू नको म्हटलं. तो म्हणाला, "मामी, माझा बंद करीन. उसाच्या गाड्यांचा कोण बंद करील?" बरोबर होतं.

मग मधलं काम बदलायला गेले. माझ्या बुद्धीप्रमाणे आधी जपमाळ दिली. हॉर्न झाला, आबांनी माळ चुलीकडे भिरकावली आणि निघाले. देवापुढं नाक घासलं मी. मग लोकर आणि कातायची चाती दिली. सूत काय सुंदर निघतं त्यांच्या हातून अजून! पण हॉर्न झाला की चाती खाली, आणि आबा उंबऱ्यावर. मी चिडले. म्हटलं, "अहो, काय आहे त्या रस्त्यावर तुमचं?"

तुमचे दादा मागून बोलले. "रस्त्यावर न्हाई गं. रुळावर. कासुर्डीच्या." मग सांगितलं. उन्हाळ्यात कळप घाटाकडे न्यायचे तेव्हा कासुर्डीजवळ रूळ लागायचे. दादा घोड्यावरचं बिऱ्हाड घेऊन पुढं निघून जायचे. मागं कळपाजवळ आबा आणि लहानगे तुम्ही. गाडीची शिट्टी झाली की मेंढरं कोंडायची ती सुतळीची जाळी, ती वाघर, दोघांनी आडवी ताणून धरायची. एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला तुम्ही. गाडी गेली की वाघर खाली, मेंढरं पार.

आता आबांकडे वाघर नाही. म्हणून ते स्वतःच वाघर होतात.

भावजी, हे मला दादांनी सांगावं लागलं. दादा तर तिथं नसायचेही. दुसरं टोक ज्याच्या हातात असायचं, तो माणूस ते पसरलेले हात पाहतो, खडीवर पडतो, खांदा निखळवून घेतो, आणि तरी त्याला उमगत नाही? का उमगलं होतं, आणि म्हणूनच तोंड दाखवत नाही?

उत्तर नको. वाघर पाठवा. वेल चढवायला हवी म्हणून ती तुम्ही दौंडला नेली होती. काल आठवलं मला, खिडकीपाशी तिच्यावर दोडके लोंबत होते. दोडक्यांना काड्या पुरतात.

सकाळी हॉर्न वाजला की आधी तुमचं नाव माझ्या तोंडात येतं, शिवीसकट, आणि मग खंडोबाचं. डॉक्टरीणबाईंच्या हिशेबानं ही पण सवयच. तिचं मधलं काम कसं बदलायचं, ते मी अजून विचारलेलं नाही.

गिताबाई


न्हावरे
४ फेब्रुवारी

मल्हारभावजी,

वाघर पोचली. इनुसबरोबर पाठवलीत, स्वतः आला नाहीत. वाळलेले वेलाचे धागे अजून गाठीगाठीत अडकलेले होते. दोन दिवस बसून वेचले. कडेची सुतळी कुजली होती. नवी विकत आणणार नव्हते, घरात दोरी होती. खिळ्यावरची तुमची निळी दोरी काढली आणि वाघरीच्या काठातून ओवली. मजबूत बसली आहे. शेवटी चांगल्या कामाला आली.

आता नीट वाचा. यावर आबांचं सगळं अवलंबून आहे.

अंगणाच्या तोंडाशी, रस्त्याच्या अलीकडे, एक खुंट ठोकला. वाघर त्याच्याजवळ ठेवली. पहाटे हॉर्न झाला. आबा उठले, घोंगडं घेतलं, निघाले. मी उंबऱ्यावर बसले नाही. जीव मुठीत धरून मागं मागं चालले. खुंटाजवळ त्यांच्या पायाला वाघर लागली आणि ते थांबले.

थांबले, भावजी! इतक्या दिवसांत पहिल्यांदा रस्त्याच्या अलीकडे थांबले.

खाली वाकले. एक टोक खुंटाला आवळलं. अशी गाठ, की हात दिसलेच नाहीत. मग दुसरं टोक उचललं आणि डाव्या बाजूला धरलं. कुणीतरी घ्यावं म्हणून. हात सरळ नाही, खाली. कमरेच्याही खाली. चौथीतल्या पोराच्या हाताला लागेल एवढ्यावर.

मी धावत जाऊन ते टोक घेतलं. त्यांनी परत ओढून घेतलं. "तू न्हवं." दादांनी घेतलं. तेही ओढून घेतलं. "तू पुढं जा बिऱ्हाडाबरोबर. पोरगं कुठाय?"

पोरगं आलं नाही. आबांनी वाट पाहिली. दुसरा हॉर्न झाला, ट्रॅक्टरचा. तशी वाघर टाकली आणि हात पसरून रस्त्याकडे निघाले. दादांनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं. ट्रॉल्या धडधडत गेल्या. आबा आमच्या हातांतून सुटायला धडपडत होते. आज चौथी पहाट, रोज हेच. त्यांचा हात तितकाच खाली असतो आणि तितकाच वेळ हवेत राहतो.

डॉक्टरीणबाईंकडे परत गेले. ती म्हणाली, "काम बरोबर सापडलंय. पण ते पुरं होत नाही, म्हणून त्यांना स्वस्थ वाटत नाही. त्या जागेचा माणूस आणा. त्यानं टोक घ्यायचं, त्यांच्यादेखत दुसऱ्या खुंटाला बांधायचं, आणि पूर्वी जे बोलायचा तेच बोलायचं. रोज. हळूहळू त्यांचं मन माणसावरून खुंटावर येईल. मग माणूस नसला तरी चालेल. त्याच्याशिवाय एकदम होणार नाही."

म्हणजे कायमचं नाही. रजा काढण्यापुरतं आहे.

गाडी गेल्यावर तुम्ही आबांना काय म्हणायचा? दादांना माहीत नाही. मला माहीत नाही. आबांना सांगता येत नाही. जगात एकाच माणसाला ते येतं, आणि तो दौंडला तोंड लपवून बसला आहे. ते शब्द पत्रात लिहून पाठवू नका. मी म्हणून उपयोग नाही, हे कळलं आहे.

आणि न आलात, तर काय होईल तेही लिहिते. आम्ही दोघं म्हातारी होत चाललो आहोत. एखाद्या पहाटे आमचा हात सुटेल. नाहीतर दादा पुन्हा दोरी शोधतील आणि मी हिसकून घ्यायला पुरणार नाही. त्यापुढे माझा राग तुम्हाला गोड वाटेल.

अहोजाहो पुरे झालं. ऐक, मल्हार.

मी चिडलेली आहे, आणि तू येशील त्या दिवशीही चिडलेली असेन. दारात चार शब्द बोलेन, ते खाली मान घालून ऐकून घ्यायचे. मग जेवायचं. दुसरा खुंट मी ठोकून ठेवला आहे. संध्याकाळच्या एस.टी.नं ये, म्हणजे पहाटेच्या हॉर्नच्या आत घरात असशील. बूट घालून उभा राहू नकोस, तेव्हा तुझ्या पायात काही नसायचं. आशीर्वाद तेवढा शिल्लक ठेवला आहे, तो कागदावर देणार नाही.

आबा तुला ओळखणार नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस आणि त्यांच्यापुढं रडू नकोस. ते नाव विसरले, तुझी जागा विसरलेले नाहीत. टोक खालीच येईल. तू वाक, आणि धर.

गितावहिनी